विजेचं सामान परवानाधारकालाच विकावं का?

होळी झाली की विदर्भात गावोगावी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पाण्यानं भिजणाऱ्या बाजूच्या ताट्या बदलतात, टाकी घासून रंगवतात, बंद पडलेल्या पंपाच्या जागी तालुक्याच्या दुकानातून नवा पंप येतो. आणि मार्च ते जून ‘कूलरचा करंट लागून मृत्यू’ ही बातमी कधी अकोल्याच्या, कधी यवतमाळच्या, कधी चंद्रपूरच्या पानावर येत राहते. मरणारी माणसं बहुतेक घरचीच असतात. कोणी बादलीनं टाकीत पाणी ओतत असतं, कोणी ओल्या हातानं ताटी सरळ करत असतं. अशा बातमीनंतर एक मागणी हमखास ऐकू येते. वायर, खटके, सॉकेट, होल्डर, एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, हे सामान कोणाच्याही हाती देऊ नये, ज्याच्याकडे वायरमनचा परवाना आहे त्यालाच विकावं, म्हणजे घरोघरी चालणारी हौशी फिटिंग बंद होईल.

मागणीमागची काळजी खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्यानं दगावणाऱ्यांचा आकडा वर्षाला बारा हजारांच्या वर दिसतो. त्यातले कित्येक मृत्यू दोन-चारशे रुपयांच्या सामानानं आणि तासाभराच्या नीट कामानं टळले असते. तरीही विक्रीवर असं कुलूप लावायला माझा विरोध आहे. विदर्भाच्या खेड्यात त्यानं मृत्यू कमी होणार नाहीत, काही घरांत धोका वाढेल. आणि ज्या गोष्टींनी मृत्यू खरोखर कमी होतील, त्या या वादात मागे पडतील.

कायदा या बाबतीत आधीपासूनच आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांपर्यंत तरतूद तीच राहिली आहे: घराची वायरिंग, तिच्यातली वाढ किंवा बदल परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायचा, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. महाराष्ट्रात यालाच तारतंत्री परवाना म्हणतात. याच नियमात एक शहाणी सूटही आहे. दिवा, पंखा, फ्यूज, खटका आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला, म्हणजे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणाऱ्या दुरुस्तीला, परवाना लागत नाही. म्हणजे फुटलेला खटका घरमालकानं स्वतः बदलणं कायद्याला मान्य आहे. विक्री बंद केली तर कायदा ज्याला मुभा देतो ते काम करायला सामानच मिळणार नाही. तो माणूस मग फुटलेल्या खटक्याच्या दोन तारा पिळून एकत्र करेल, त्यावर पन्नी गुंडाळेल आणि दिवा कायमचा चालू ठेवेल. गावात हे आजही बघायला मिळतं. दुकान तीस किलोमीटरवर आहे आणि रात्र पडली आहे, एवढंच कारण त्याला पुरतं.

धारणी, चिखलदरा, एटापल्ली, जिवती, झरी-जामणी या दुर्गम तालुक्यांचा विचार करा. आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला पोरगा तिथं राहतोच असं नाही. तो नागपूरजवळच्या बुटीबोरीला, पुण्याला, नाहीतर लाइनच्या ठेकेदाराकडे जातो, आणि तिथं पगार मिळतो म्हणून जातो, त्यात त्याचं काही चुकत नाही. गावात उरतो तो मोटर बांधणारा किंवा लाइनमनच्या हाताखाली शिकलेला गडी. दोनशे घरांची फिटिंग यानं केलेली असते, पण परवाना कधी काढलेला नसतो. विक्रीवर निर्बंध आला की पहिला फटका याला बसेल आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरांना. सामान मात्र येतच राहील. औषधाच्या दुकानात प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हे आपण पाहतो. तसे तारतंत्री परवान्याचे क्रमांक भाड्यानं मिळू लागतील. मोबाइलवर मागवलेली वायर पार्सलनं घरपोच येईल. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेले बिननावाचे होल्डर आणि पिना तर कोणत्याही यादीत नसतातच. बंधन पाळावं लागेल ते पक्की पावती देणाऱ्या दुकानदाराला, म्हणजे त्यातल्या त्यात बरा माल ठेवणाऱ्याला.

विक्रेत्यावर परवाना असला म्हणजे वापरणारा सुरक्षित होतो का, हे विदर्भानं एकदा फार महाग पडून पाहिलं आहे. कीटकनाशकांच्या विक्रीला १९६८ चा कायदा आहे, परवाना आहे, साठ्याची नोंदवही आहे. तरी २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. औषध परवानाधारक केंद्रातूनच आलेलं असू शकतं, पण फवारणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी नव्हती, हातात मोजे नव्हते आणि कोणतं मिश्रण किती घातक आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धोका होता वावरात आणि पहारा होता दुकानात. विजेच्या बाबतीत नेमकी हीच चूक पुन्हा होऊ घातली आहे.

धोका घरात कसा तयार होतो ते कूलरपासून पाहू, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस आणि वीज सगळ्यांत जवळ येतात ती तिथंच.

गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बनलेला लोखंडी पत्र्याचा कूलर घ्या. टाकीच्या तळाशी वीस-चाळीस वॉटचा छोटा पंप बसलेला असतो आणि त्याची वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, प्लास्टिकच्या डबीत रसायन ओतून बंद केलेली असते. मे महिन्यात पाण्याची टंचाई असते, दुपारी टाकी कोरडी पडते, पंप तसाच फिरत राहतो. तो तापतो, सील तडकतं आणि संध्याकाळी टाकी भरली की त्या फटीतून पाणी वाइंडिंगपर्यंत जातं. आता टाकीतलं पाणी आणि त्याला लागलेला लोखंडी पत्रा दोन्हींत फेज, म्हणजे जिवंत तारेतली वीज, उतरला. दुसरी वाट पत्र्याच्या भोकाची. पंख्याची आणि पंपाची वायर जिथून बाहेर येते तिथं रबरी बूश नसतो. पंखा थरथरतो, पत्र्याची धार दर मिनिटाला वायरच्या आवरणावर घासते आणि एका हंगामात तांबं उघडं पडतं. बूश पाच-दहा रुपयांना मिळतो. कारागीर तो घालत नाही, कारण घेणारा त्याबद्दल विचारत नाही.

कूलरला पिन दोनाची असते. तीनाची असली तरी ती उघडून बघावी, आत बहुतेक वेळा दोनच तारा सापडतात आणि अर्थचा मोठा खिळा नुसता शोभेला असतो. पिन ज्या एक्स्टेंशन बोर्डात जाते, त्यालाही दोन तारांचीच केबल. भिंतीतल्या सॉकेटचं वरचं मोठं भोक आतून मोकळं. म्हणजे कूलरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत जाणारी वाट तीन ठिकाणी तुटलेली आहे, आणि शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस ती वाट पूर्ण करतो.

आता हिशेब. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून २३० मिलिअँपिअर जातात. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताची पकड सुटेनाशी होते, आणि पन्नास-शंभर मिलिअँपिअर क्षणभर टिकले तरी हृदयाची लय बिघडू शकते. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी यातलं काहीच ओळखत नाही. त्याच्या दृष्टीनं २३० मिलिअँपिअर म्हणजे एखादा पन्नास वॉटचा बल्ब लागल्यासारखं आहे. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार बांधलेली असेल, आणि खेड्यात ती बहुधा असतेच, तर तो घर पेटेपर्यंत उडणार नाही. ‘एमसीबी लावलाय, काळजी नाही’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला त्याची रचनाच झालेली नाही.

मग अर्थिंग करा, असं सांगितलं जातं. करावीच. पण पश्चिम विदर्भाच्या काळ्या मातीत नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते. जानेवारीत चांगला लागणारा अर्थिंगचा पाइप मे महिन्यात चारही बाजूंनी सुटा होतो, आणि कूलर चालतो तो नेमका मे महिन्यात. समजा त्या वेळी अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला. पत्र्यात फेज उतरला तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ चा एमसीबी पडत नाही, ६ चाही पडत नाही. पत्र्यावर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसंच राहतं, आणि अर्थिंग ‘आहे’ म्हणून घरातले निर्धास्त असतात.

इथं आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की तो दोन्ही तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. १०० किंवा ३०० चा आगीसाठी ठीक असतो, माणसासाठी नाही. वरच्याच उदाहरणात अर्थिंग ५० ओहमची असली तरी गळती हळूहळू वाढली तर पत्र्यावर दीड व्होल्ट चढायच्या आत, आणि फेज एकदम उतरला तर क्षणार्धात आरसीसीबी पडतो. अर्थिंग अजिबातच नसेल तर माणसाचा हात लागल्यावर तो पडेल. झटका बसेल, पण सेकंदाच्या लहानशा भागात पुरवठा तुटेल आणि जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढेल. दोन पोलचा, २५ किंवा ४० अँपिअरचा बरा आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. ज्या घरात चार हजारांचा कूलर आणि दहा हजारांचा टीव्ही आहे तिथं हा खर्च मोठा नाही. ज्या घरात तेवढेही पैसे नाहीत तिथं तो सरकारनं करावा, त्याकडे पुढे येतो.

आरसीसीबी लावूनही गावात तो टिकत नाही, त्याची कारणं फिटिंगवाल्यांना ठाऊक आहेत. पहिलं कारण सामाईक न्यूट्रल. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या किंवा इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडलेला असतो, त्यामुळे पंखा लावला की तो पडतो. दुसरं कारण पावसाळा. मातीच्या किंवा ओल धरलेल्या भिंतीतली जुनी वायर थोडा थोडा प्रवाह जमिनीत सोडत असते. दोन्ही वेळा ‘पीस खराब आहे’ म्हणून त्याला बगल देऊन थेट जोडणी केली जाते. पीस ठणठणीत असतो, त्यानं खरा दोष दाखवलेला असतो. मेन बंद करून एकेका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवायचे, पुन्हा चालू करून बघायचं, ज्या सर्किटला तो पडतो तिथली वायर तपासायची. तासाभराचं काम आहे. खेड्यातला आणखी एक आक्षेप मला रास्त वाटतो: रात्री आरसीसीबी पडला की सगळं घर अंधारात जातं आणि अंधारात सापा-विंचवाची भीती असते. म्हणून पैसे कमी असतील तेव्हा सॉकेट, कूलर, टिल्लू पंप आणि न्हाणीकडची लाइन आरसीसीबीमागे घ्यावी आणि उंचावरच्या एका दिव्याचं सर्किट वेगळ्या एमसीबीवर ठेवावं. मात्र त्या दिव्याचा न्यूट्रलही आरसीसीबीच्या आधीच वेगळा काढायला हवा, नाहीतर पहिलंच दुखणं परत येतं.

एक प्रकार तर परवानाधारकाच्या हातूनही होतो, म्हणून तो सांगायलाच हवा. अर्थिंगचा खड्डा खणायचे कष्ट वाचवायला सॉकेटच्या आतच अर्थचं टोक न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प फेज-अर्थवर लावला की पेटतो, घरमालक खूश. पुढे वादळात खांबापासून येणारा न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या बल्बमधून फेज त्या न्यूट्रलवर परत येतो आणि तिथून कूलर, फ्रिज, मिक्सर अशा अर्थ जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर. अशीच दुसरी गोष्ट खांबावरची. वादळानंतर जोड बदलताना फेज आणि न्यूट्रल उलटे लागले तर घरातले सगळे खटके न्यूट्रल तोडू लागतात. खटका बंद, पंखा थांबलेला, पण पंपापर्यंत फेज तसाच. म्हणून पाणी भरताना खटका बंद करून भागत नाही, पिन उपसून काढायची. आणि खांबावर काम झालं की टेस्टर लावून खटक्यावर फेज आहे की न्यूट्रल, हे बघायचं.

दुकानात माल कोण घेतो यापेक्षा माल कसला आहे यावर सरकारनं जोर द्यावा, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. वायर, खटके, एमसीबी यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारे केंद्राचे गुणवत्ता नियंत्रण आदेश २००३ पासून आहेत. चिन्हाशिवाय हे सामान बनवणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. भारतीय मानक ब्युरोचं नागपूरला कार्यालय आहे. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर चिन्हाजवळचा परवाना क्रमांक टाकला की तो खरा आहे की रद्द झालेला, हे कोणालाही कळतं. पण तपासणी मोठ्या शहरातल्या गोदामांपाशी थांबते आणि खोटा माल तालुक्याच्या बाजारपेठेत खपतो.

खोटी वायर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नव्वद मीटरच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरमध्ये नुसतं तांबंच साधारण १.२ किलो असायला हवं. आवरण धरून बंडल पावणेदोन किलोच्या आसपास भरतं. हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायचा काटा असतोच, त्यावर बंडल ठेवावं. सव्वा किलोच भरलं तर तांबं कमी आहे, किंवा लांबी कमी आहे, किंवा आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ब्लेडनं तार खरवडली की मुलाम्याखालचा पांढरा रंग दिसतो. असली वायर तेवढ्याच भाराला जास्त तापते. स्क्रूखाली दाबली की काही महिन्यांत सैल होते, आणि सैल जोडाचा हिशेब सोपा आहे: दोन हजार वॉटच्या शेगडीचे नऊ अँपिअर अर्ध्या ओहमच्या सैल जोडातून गेले तर त्या एका टोकावर चाळीस वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न तेवढ्यात कथील वितळवतं. सॉकेट काळं पडतं, प्लास्टिक वास मारतं आणि वर कापसाच्या गंज्या किंवा तुरीच्या काड्या रचलेल्या असतील तर पुढचं सांगायला नको.

अर्हता असलेला वायरमन हीच खोटी वायर तितक्याच निष्ठेनं ओढेल. ग्राहकाचा परवाना तपासणारा कायदा या वायरला हातही लावत नाही.

विक्रीबंदीच्या बाजूनं आणखी एक मुद्दा येतो तो शेतातल्या कुंपणाचा. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक फस्त करतात म्हणून वावराभोवती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ओढून तिच्यात थेट लाइनचा फेज सोडला जातो. त्यात शेजारचा शेतकरी मरतो, स्वतःचा मुलगा मरतो, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ मरतो. या प्रकाराबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही. पण ती तार कपडे वाळत घालायला आणि मांडव बांधायला विकली जाते, ती विजेचं सामान म्हणून कधीच कोणाच्या यादीत येणार नाही. फेज घ्यायला मीटरही लागत नाही, बांबूला बांधलेला आकडा पुरतो. उपाय आहे तो सौर कुंपणाच्या यंत्राचा. ते अतिशय थोड्या वेळाचा झटका देतं आणि मध्ये विराम ठेवतं, म्हणून जनावर हुसकतं आणि मरत नाही. ते परवडण्याजोगं करावं, पिकाची नुकसानभरपाई वेळेवर द्यावी, आणि तरीही थेट फेज सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल व्हावा.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर ऑस्ट्रेलियात घराची स्थिर वायरिंग बिनपरवाना करणं बेकायदा आहे, तरी सॉकेट आणि केबल दुकानात कोणालाही मिळतात. शेजारच्या न्यूझीलंडनं घरमालकाला स्वतःच्या घरातल्या काही वायरिंगची मुभा दिली आहे, पण जोडणी चालू करण्याआधी निरीक्षकाकडून तपासून घ्यायची अट घातली आहे. विकत घेताना अडवण्यापेक्षा चालू करण्याआधी तपासा, ही दिशा मला पटते. आपल्याकडेही नव्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. तो अनेकदा घर न पाहता सही होऊन येतो, दुखणं तिथं आहे. टेस्ट रिपोर्टमध्ये दोन आकडे असले पाहिजेत. एक, ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं, मोजलेला वायरिंगचा इन्सुलेशन रोध, जो एक मेगाओहमपेक्षा कमी नको. दुसरा, अर्थिंगचा रोध, मोजल्याच्या तारखेसह. मीटरच्या फोटोसोबत अर्थिंगच्या खड्ड्याचा आणि आरसीसीबीचा फोटो घ्यायला लाइनमनच्या मोबाइलमध्ये जास्तीचं काही लागत नाही.

काही वस्तूंवर मात्र बंदी हवी, आणि ती सगळ्यांसाठी हवी, परवानाधारकासह. दोन तारांचे एक्स्टेंशन बोर्ड विकणं बंद करावं. लोखंडी अंगाचा कूलर तीन तारांची केबल, पत्र्याला नट-बोल्टनं घट्ट बसवलेली अर्थ, भोकाला रबरी बूश आणि तीन खिळ्यांची पिन यांशिवाय दुकानाबाहेर जाऊ नये. ही जबाबदारी कूलर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकावी. वर्कशॉपवाल्याला यासाठी दर कूलरमागे फार तर दीडशे-दोनशे रुपये जास्त लागतील.

माणसांचं काय? २०१६ मध्ये राज्यानं ग्रामविद्युत व्यवस्थापकाची कल्पना आणली होती. तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात आयटीआय झालेला गावचाच तरुण नेमायचा, त्यानं रीडिंग, बिलं, फ्यूज असली कामं बघायची. ही कल्पना पुन्हा नीट उभी करावी आणि त्याच्या कामात घरातल्या फिटिंगची तपासणी घालावी. गावातल्या बिनपरवाना फिटिंगवाल्यांना पळवून लावण्याऐवजी त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन तारतंत्री परवान्यापर्यंत आणावं. परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये, मराठीत, हातानं काम करून दाखवण्याची असावी. आरसीसीबीमागचा सामाईक न्यूट्रल शोधून दाखव, मेगर लावून आकडा वाच, खड्ड्यात पाइप बसवून दाखव. तीस वर्षं मोटरी बांधलेल्या माणसाला हे आठवड्याभरात शिकवता येतं.

आणि घरकुलं. प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी अशा योजनांतून विदर्भात गावोगावी विटा-सिमेंटची नवी घरं उभी राहिली. सपाट भागात प्रधानमंत्री आवासचं मूळ अनुदान १ लाख २० हजार आहे. त्यात वायरिंगला लाभार्थी शेवटी हात घालतो, तेव्हा हातात पैसे उरलेले नसतात, म्हणून बिनचिन्हाची वायर येते आणि अर्थिंग राहून जाते. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दारापर्यंत केबल, मीटर, एका दिव्याची फिटिंग आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट मिळाला. पुढच्या सगळ्या खोल्या त्या एका पॉइंटवरून लांबवल्या गेल्या, कूलरसुद्धा. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यासोबत एक संच वस्तुरूपात द्यावा: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ६ आणि १६ अँपिअरचे दोन एमसीबी, अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा भोकं पाडलेला जीआय पाइप, आठ नंबरची जीआय तार आणि क्लॅम्प. रोख देऊ नये, ती इतर खर्चात जाईल आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पाइप भिंतीपासून दीड मीटरवर, शक्यतो न्हाणीचं किंवा कूलरचं पाणी जिथं वाहून जातं तिथं गाडावा, म्हणजे मे महिन्यातही भोवतीची माती ओली राहते. मीठ-कोळशाचे थर द्यावेत, तार पिळून बांधू नये, क्लॅम्पनं आवळावी. जिथं तसं पाणी जात नाही तिथं उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या ओताव्यात.

हे सगळं होईपर्यंत येत्या हंगामासाठी ग्रामपंचायतीला एक काम लगेच करता येईल. वित्त आयोगाच्या निधीची वाट न बघता स्वतःच्या निधीतून एक साधा डिजिटल मेगर घ्यावा, काही हजारांत तो येतो. होळीनंतरच्या आठवड्यात दवंडी देऊन तारतंत्री परवाना असलेल्या माणसाला बोलवावं. लोकांनी कूलर आणायचीही गरज नाही, तो गल्लीगल्लीनं फिरेल. टाकी भरायची, पिन सॉकेटमधून काढायची, कूलरचे खटके चालू स्थितीत ठेवायचे, पिनेचे फेज-न्यूट्रलचे दोन खिळे एकत्र जोडून मेगरची एक तार त्यांना आणि दुसरी रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला लावायची. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर पंपाची वायर सोडवून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर पंप बाद, नाही चढला तर पंख्याची मोटर किंवा भोकातली वायर. मग तीन खिळ्यांची पिन उघडून आत तिसरी तार आहे का, आणि तिचं दुसरं टोक पत्र्याला लागलंय का, तेवढं बघायचं. एका कूलरला पाच-सात मिनिटं लागतात. दोष निघालेल्या कूलरवर लाल रंगाचा पट्टा ओढावा आणि दुरुस्तीनंतरच तो पुसावा.